दारू, शरीर आणि गाडी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर आहे. काही वर्षं अपघात विभागात रात्रपाळ्या केल्या, आता दवाखाना चालवते. खालचे प्रश्न लोकांनी पत्रांतून आणि फोनवर विचारलेले आहेत. बरेचसे मात्र भलत्याच तक्रारीसाठी आलेल्या माणसानं उठता उठता, दाराशी थांबून विचारलेत. रक्तातल्या दारूचा आकडा सगळीकडे एकाच मापात दिला आहे: १०० मिलिलिटर रक्तात किती मिलिग्रॅम अल्कोहोल. ‘८०’ लिहिलं असेल तर ते ८० मिलिग्रॅम.

१. दारू पोटात गेल्यावर नेमकं काय होतं?

अन्नाला पचावं लागतं, दारूला लागत नाही. अल्कोहोलचा रेणू इतका लहान असतो की तो जसाच्या तसा अस्तरातून रक्तात उतरतो. साधारण पाचवा हिस्सा जठरातून आणि उरलेला लहान आतड्यातून. तिथून शरीरात जिथं जिथं पाणी आहे तिथं तो पोचतो: मेंदू, स्नायू, फुफ्फुसं, पोटात बाळ असेल तर बाळापर्यंतही. मेंदूला रक्तपुरवठा भरपूर, म्हणून तिथला परिणाम आधी जाणवतो.

बाहेर काढण्याचं काम मुख्यतः यकृताचं. ते अल्कोहोलचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं, मग अ‍ॅसिटेट, आणि शेवटी त्याचं पाणी नि कार्बन डायऑक्साइड होतो. मधला अ‍ॅसिटाल्डिहाइड हा विषारी पदार्थ आहे, आणि दारूमुळे होणाऱ्या कर्करोगांत त्याचा मोठा हात आहे. काही टक्के दारू मात्र तशीच श्वास, लघवी आणि घामातून जाते. तोंडाला वास येतो तो केवळ तोंडातला नसतो, फुफ्फुसातून येणारा असतो. म्हणून बडीशेप चघळून तो जात नाही.

२. चढायला किती वेळ लागतो?

रक्तातलं प्रमाण शिखरावर पोचायला साधारण अर्धा ते दीड तास. उपाशीपोटी लवकर, पोटभर जेवणावर उशिरा. जेवणामुळे जठराचं तोंड हळूहळू उघडतं आणि दारू आतड्यात सावकाश उतरते. त्यामुळे शिखर थोडं खाली राहतं, पण दारू रक्तात जायची थांबत नाही.

याचा एक धोकादायक अर्थ आहे. शेवटचा घोट घेतल्यानंतरही प्रमाण वाढतच असतं. ‘अजून काही चढलेली नाही, चढायच्या आत घरी पोचतो’ हे वाक्य मी जखमींच्या सोबत आलेल्या माणसांकडून अनेकदा ऐकलंय. टेबलावरून उठताना माणूस बरा असतो, आणि गाडी हमरस्त्याला लागेपर्यंत त्याचं रक्त शिखर गाठत असतं.

३. व्हिस्कीपेक्षा बीअर सौम्य. मग एक बीअर पिऊन गाडी चालवायला काय हरकत आहे?

सौम्य बीअर असते, बाटली नसते. हिशेब सोपा आहे. एकूण मिलिलिटर गुणिले लेबलवरचे टक्के, म्हणजे शुद्ध अल्कोहोल किती मिलिलिटर ते कळतं. त्याला ०.७९ ने गुणलं की ग्रॅम मिळतात.

६० मिलिलिटरचा, ४२.८ टक्क्यांचा लार्ज पेग: सुमारे २० ग्रॅम. १२ टक्क्यांच्या वाइनचा १५० मिलिलिटरचा ग्लास: सुमारे १४ ग्रॅम. ५ टक्क्यांची ६५० मिलिलिटर बीअर: सुमारे २६ ग्रॅम. आणि तीच बाटली ८ टक्क्यांची स्ट्राँग असेल तर ४१ ग्रॅम, म्हणजे एका बाटलीत दोन लार्ज पेग. ‘मी फक्त एक बीअर घेतली’ असं म्हणणारा खोटं बोलत नसतो, त्यानं हिशेब केलेला नसतो. यकृताला आणि मेंदूला ग्लासचा आकार कळत नाही, ग्रॅम कळतात.

४. आम्ही दोघं सारखीच घेतो, तरी मला जास्त चढते. का?

अल्कोहोल शरीरातल्या पाण्यात पसरतं, चरबीत फारसं नाही. ज्याच्या अंगात पाणी कमी, त्याच्या रक्तात तेवढ्याच दारूचं प्रमाण जास्त. स्वीडिश शास्त्रज्ञ एरिक विडमार्क यांनी १९३०च्या दशकात यासाठी मांडलेलं सूत्र आजही वापरतात. त्यानुसार ४० ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे दोन लार्ज पेग, ७५ किलोच्या पुरुषाच्या रक्तात जास्तीत जास्त ८०च्या आसपास जाईल, आणि ५५ किलोच्या स्त्रीच्या रक्तात १३०च्या. वजनाचा फरक आहेच, शिवाय स्त्रियांच्या शरीरात सरासरीनं पाण्याचा वाटा कमी असतो.

वय वाढलं की अंगातलं पाणी घटतं. चाळिशीत झेपणारं प्रमाण पासष्टीत झेपत नाही ते यामुळे. जठराची बायपास शस्त्रक्रिया झालेल्यांना दारू फार वेगानं चढते. आणि पूर्व आशियाई वंशाच्या अनेक लोकांत अ‍ॅसिटाल्डिहाइड मोडणारं विकर (एन्झाइम) जन्मतःच कमकुवत असतं. एका ग्लासात चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते. अशांनी तरीही पीत राहिलं तर अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो.

५. उतरायला किती वेळ लागतो?

ताशी सुमारे १५, माणसागणिक साधारण १० ते २०. इथं एक गोष्ट लक्षात घ्या: बहुतेक औषधं रक्तात जास्त असली तर शरीर ती जास्त वेगानं काढतं. दारूचं तसं नाही. यकृताचं विकर थोड्याशा दारूनंच पूर्ण कामाला लागतं, मग कितीही ओता, ते आपल्याच चालीनं चालतं. ८०वरून शून्यावर यायला पाच तासांच्या वर लागतात. नियमित भरपूर पिणाऱ्याचा वेग थोडा जास्त असतो, पण तो पितोही तितकीच जास्त.

६. कडक कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची अंघोळ, उलटी. यानं उतरते का?

नाही. एकाही उपायानं नाही. कॉफीनं झोप उडते, पण रक्तातला आकडा हलत नाही. उलट माणूस ताजातवाना वाटून किल्ली उचलतो. एनर्जी ड्रिंकमध्ये मिसळून पिणाऱ्यांचं हेच होतं: थकवा जाणवला नाही की हात आखडता घेतला जात नाही. उलटीनं जी दारू अजून पोटात आहे तेवढीच बाहेर पडते, रक्तात गेलेली परत येत नाही. थंड पाण्याचा तर धोकाच. दारूनं त्वचेखालच्या रक्तवाहिन्या पसरलेल्या असतात. अंग गरम वाटतं, पण शरीराची उष्णता बाहेर जात असते. त्यात तोल गेलेला, स्नानगृहात ओल्या फरशीवर उभा केलेला माणूस. डोकं फुटलेले असे रुग्ण मी टाके घालून घरी पाठवलेत.

उतरवतो फक्त वेळ.

७. रात्री घेतली, झोप झाली. सकाळी गाडी चालवायला हरकत नाही ना?

हिशेब मांडू. ७५ किलोचा पुरुष, रात्री ९ ते साडेबारा, पाच लार्ज पेग, म्हणजे १०० ग्रॅम. विडमार्कच्या सूत्रानं एकूण १९६. पिता पिता साडेतीन तासांत ५०च्या आसपास गेले. साडेबाराला सुमारे १४५ उरले. सकाळी ७ वाजता अजूनही ४५ ते ५०. दात घासलेत, इस्त्रीचा शर्ट घातलाय, मुलांना शाळेत सोडायला निघालाय, आणि रक्तात दारू आहे. भारतासह अनेक देशांत या आकड्याला गुन्हा नोंदवला जाईल.

आकडा शून्य झाल्यावरही हँगओव्हर उरतो. दारू मेंदूतलं लघवी रोखणारं संप्रेरक दाबते, म्हणून रात्री वारंवार लघवीला जावं लागतं आणि अंगातलं पाणी कमी होतं. दारूनं झोप लवकर लागते, पण उत्तररात्री मोडते, स्वप्नांची झोप कमी होते. सकाळी डोकं ठणकत असताना लक्ष आणि हालचाल दोन्ही मंद असतात. जोरदार पार्टीच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गाडीला हात लावू नये, असं मी सांगते. लोकांना ते जाचक वाटतं, तरी सांगते.

८. मेंदूत काय बिघडतं की माणूस आधी खुलतो आणि मग लडखडतो?

मेंदूत थांबवणारे आणि पळवणारे असे दोन्ही संदेश असतात. दारू थांबवणाऱ्या गाबा या रसायनाचा जोर वाढवते आणि पळवणाऱ्या ग्लुटामेट या रसायनाचा दाबते. सर्वांत आधी सुस्तावतो तो कपाळामागचा भाग. परिणामांचा विचार, लाज, भीती, ‘हे आत्ता नको’ म्हणणं ही त्याची कामं. तो ढिला पडला की माणूस खुलतो. दारू उत्तेजक आहे हा समज इथून आला. मग लहान मेंदू: तोल, जीभ, बोटं. मग स्मरणशक्ती. आणि फार जास्त झाली तर मेंदूच्या तळाशी असलेलं श्वासाचं केंद्र.

हा क्रम नीट बघा. ‘मी गाडी चालवायच्या स्थितीत नाही’ हे ज्या भागाला कळायचं, तोच आधी झोपतो. पाय लडखडतात ते नंतर. मधल्या काळात माणसाला स्वतःबद्दल पूर्ण खात्री असते, आणि ती खात्री प्रामाणिक असते.

डोळे मिटल्यावर खोली गरगरते त्याचं कारण कानात आहे. अंतर्कर्णातल्या द्रवात तोल ओळखणारा नाजूक पडदा असतो. दारू त्या पडद्यात आधी शिरते, तो भोवतालच्या द्रवापेक्षा हलका होऊन तरंगतो, आणि स्थिर पडलेल्या माणसाला आपण फिरतोय असं वाटतं.

९. गाडी चालवताना नेमकं काय चुकतं?

लोकांना वाटतं ब्रेक उशिरा लागतो, एवढंच. तो लागतोच. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. पाय ब्रेकवर यायला ०.३ सेकंद जास्त लागले तर गाडी ५ मीटर पुढे गेलेली असते. झेब्रा क्रॉसिंग संपतं तेवढ्यात.

पण त्याआधी बिघडतं ते लक्ष वाटून घेणं. गाडी चालवणं म्हणजे एका वेळी समोरचा ट्रक, आरशातली मोटरसायकल, डाव्या कडेनं चालणारं पोर आणि पायाखालचा क्लच, सगळ्यांकडे थोडं थोडं लक्ष. दारू घेतलेला माणूस एकाच गोष्टीला धरून बसतो. तो समोरचं नीट बघतो, म्हणूनच त्याला वाटतं आपण उत्तम चालवतोय. कडेनं येणारं त्याच्या नजरेत येत नाही. डोळे एका वस्तूवरून दुसरीवर उडी मारायला वेळ घेतात. समोरून दिव्यांचा झोत आला की डोळे पुन्हा स्थिरावायला उशीर होतो. लेन सरळ धरता येत नाही, गाडी हलकेच डावी-उजवीकडे डोलते. वेगाचा अंदाज चुकतो. आणि प्रश्न ८ मध्ये सांगितलेला कपाळामागचा भाग सैल असल्यानं ओव्हरटेक ‘बसतंय’ असं वाटतं.

धोका किती वाढतो? अमेरिकेत ग्रँड रॅपिड्स इथं १९६०च्या दशकात रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनी अपघात झालेल्या आणि न झालेल्या चालकांची तुलना केली, तेव्हापासून हे मोजलं जातंय. पुढे लाँग बीच आणि फोर्ट लॉडरडेल या शहरांतल्या अभ्यासात ८०ला अपघाताचा धोका सुमारे २.७ पट, तर १५०ला २२ पट निघाला. दारू दुप्पट केली की धोका दुप्पट होत नाही, कड्यासारखा उभा चढतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये दारूशी संबंधित रस्ते अपघातांत सुमारे २ लाख ९८ हजार माणसं गेली. त्यातल्या १ लाख ५६ हजारांच्या मृत्यूला दुसऱ्या कुणाची तरी दारू कारणीभूत होती.

१०. मला चढतच नाही. वीस वर्षं पिऊन चालवतोय, एक ओरखडा नाही.

हा प्रश्न जवळजवळ नेहमी पुरुष विचारतात, आणि ते खोटं बोलत नसतात. सवयीनं मेंदू जुळवून घेतो. पाय लडखडत नाहीत, जीभ जड होत नाही, सरळ रेषेत चालता येतं. रक्तातला आकडा मात्र तोच असतो. सवय होते ती पाठ झालेल्या कामांची: तोच रस्ता, तीच वळणं, तेच फाटक. रस्त्यावर जीव जातो तो पाठ नसलेल्या क्षणात. बंद पडलेला ट्रक, दिवे न लावलेला ट्रॅक्टर, चेंडूमागे धावलेलं मूल. त्या क्षणासाठी मेंदूनं सराव केलेला नसतो आणि त्या क्षणी सवय कामाला येत नाही.

वीस वर्षं काही झालं नाही, याचा एवढाच अर्थ की तो क्षण तुमच्यासमोर अजून आला नाही, किंवा आला तेव्हा समोरच्यानं सांभाळून घेतलं.

आणि चढायला पूर्वीपेक्षा जास्त लागत असेल, तर ती अभिमानाची गोष्ट नाही. अवलंबित्वाची ती एक खूण आहे. प्रश्न १८ वाचा.

११. कायद्याच्या मर्यादेत राहिलं की सुरक्षित ना?

मर्यादा देशोदेशी वेगळी आहे. भारतात ३०. इंग्लंडमध्ये ८०, तर शेजारच्या स्कॉटलंडमध्ये २०१४पासून ५०. अमेरिकेत बहुतेक राज्यांत ८०, युटामध्ये ५०. युरोपातल्या बऱ्याच देशांत ५०, स्वीडन-नॉर्वेत २०, चेक प्रजासत्ताक आणि हंगेरीत शून्य. नव्या आणि व्यावसायिक चालकांसाठी अनेक ठिकाणी त्याहून कडक. माणसाचा मेंदू सीमा ओलांडली म्हणून बदलत नाही. हे आकडे समाजानं किती धोका चालवून घ्यायचा ठरवलंय ते सांगतात. बिघाड त्याआधीच सुरू होतो; २० ते ५०च्या दरम्यान लक्ष वाटण्याची क्षमता घसरलेली मोजता येते.

शिवाय आपण मर्यादेच्या आत आहोत हे आतून कळत नाही.

१२. पोलिसांचं मशीन फुंकेतून कसं ओळखतं? माउथवॉश किंवा खोकल्याच्या औषधानं फसतं का?

फुफ्फुसात रक्तातली दारू हवेत येते. १ मिलिलिटर रक्तात जितकं अल्कोहोल, साधारण तितकंच २१०० मिलिलिटर खोल श्वासात, या गुणोत्तरावर मशीन चालतं. म्हणून जोरात, शेवटपर्यंत फुंकायला लावतात. पहिलं ब्रेथलायझर बोर्केनस्टाइन यांनीच १९५४ मध्ये बनवलं.

माउथवॉश, काही सिरप, काही होमिओपॅथिक औषधं यांत अल्कोहोल असतं. ते तोंडात रेंगाळतं तोवर आकडा चुकीचा वर येतो, पण पंधरा मिनिटांत जातो. तुम्ही खरंच प्यायला नसाल तर पोलिसांना शांतपणे सांगा, पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा चाचणी मागा, गरज पडली तर रक्ततपासणी. अर्धी बाटली खोकल्याचं औषध प्यायलात तर मात्र ते पोटातूनच रक्तात जाईल, आणि मग आकडा खरा असेल.

फार क्वचित काही माणसांच्या आतड्यातली बुरशी पिष्टमय अन्न आंबवून दारू तयार करते. हा आजार खरा आहे, पण इतका दुर्मिळ की मी एकही रुग्ण पाहिलेला नाही.

१३. दुचाकीवर, तेही जवळच जायचं असेल तर?

दुचाकीला चारचाकीपेक्षा जास्त तोल लागतो, आणि तोल लवकर जातो. भोवती पत्रा नाही, पट्टा नाही. ओळखीच्या रस्त्यावर माणूस हेल्मेटही घालत नाही. जवळचं अंतर हा बचाव नाही.

मागे बसणाऱ्यानं घेतली असेल तरी गाडी अस्थिर होते. तो वळणावर अंग टाकतो, झोप लागून सरकतो. त्याला चारचाकीतून न्या.

१४. दोनच घोट घेतले, पण झोप झालेली नव्हती. एवढा का त्रास झाला?

कारण जागरण आणि दारू मेंदूवर एकाच दिशेनं काम करतात. ‘नेचर’ या विज्ञान साप्ताहिकात १९९७ मध्ये आलेल्या एका अभ्यासात सलग १७ तास जागा असलेल्या माणसाची कामगिरी ५०चं प्रमाण असलेल्या माणसाइतकी घसरलेली दिसली. पहाटे पाचला उठलेला माणूस रात्री दहाला, एक थेंबही न घेता, तिथं पोचलेला असतो. त्यावर दोन घोट म्हणजे बेरीज नव्हे, त्याहून जास्त.

१५. औषधं चालू असताना घेतली तर?

तुमच्या डॉक्टरांना किंवा औषध विक्रेत्याला विचाराच, पण काही ठळक गोष्टी सांगते. झोपेच्या गोळ्या, घबराटीवरच्या गोळ्या, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं: यांच्याबरोबर दारू म्हणजे श्वास मंदावण्याचा धोका, जिवावर बेतू शकतं. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. त्यावर एक पेग दोनासारखा लागतो. मेट्रोनिडाझोलच्या पाकिटावर दारू टाळा असं लिहिलेलं असतं, ते पाळा. डायसल्फिराम दारू सोडवण्यासाठीच देतात, त्यावर प्यायलात तर उलट्या, धाप, रक्तदाब घसरणं. मधुमेहाचं उत्तर प्रश्न १७ मध्ये आहे.

१६. मित्र पिऊन पडलाय, उठत नाही. झोपू द्यावं का?

हलवा, नाव घेऊन हाक मारा, चिमटा काढा. काहीच प्रतिसाद नसेल तर ही झोप नाही. श्वास मोजा: मिनिटाला आठपेक्षा कमी, किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त अंतर. ओठ-नखं निळसर. अंग गार, चिकट. बेशुद्धीत उलटी. झटके. यातलं एक जरी दिसलं तर लगेच अँब्युलन्स बोलवा, बाकी दिसायची वाट पाहू नका.

येईपर्यंत त्याला कुशीवर वळवा, वरचा गुडघा दुमडून पुढे टेकवा, म्हणजे तो पाठीवर उलटणार नाही. डोकं किंचित मागे, तोंड जमिनीकडे. बेशुद्ध माणूस पाठीवर असताना उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते. अशा रात्रीचे बरेचसे मृत्यू यानंच होतात. तोंडात पाणी, कॉफी, लिंबू काही घालू नका. एकटं सोडू नका, कारण पोटात उरलेली दारू अजून रक्तात जात असते, तासाभरात स्थिती बिघडू शकते.

प्यायल्यानंतर काही तासांनी धूसर दिसू लागलं, पोटात दुखलं, धाप लागली तर भेसळीचा, मिथेनॉलचा संशय घ्या. त्यात डोळे जातात. सकाळपर्यंत थांबायचं नाही.

१७. तोंडाला वास येतोय आणि माणूस बरळतोय. म्हणजे दारूच ना?

एका रात्रपाळीत पहाटे तीनच्या सुमारास एका पन्नाशीच्या माणसाला आणलं. गाडी दुभाजकावर चढलेली, तोंडाला भपकारा, शर्टावर उलटी. पोलीस म्हणाले, ‘पिऊन पडलाय, कोपऱ्यात झोपवा.’ मलाही तेच वाटलं. परिचारिकेनं सवयीनं बोट टोचलं. साखर ३८, म्हणजे फारच कमी. ग्लुकोजचं इंजेक्शन शिरेतून अर्धं जाईतो त्यानं डोळे उघडले आणि ‘माझी गाडी?’ असं विचारलं. इन्सुलिन घेऊन, न जेवता दोन पेग घेतले होते. तिनं बोट टोचलं नसतं तर मी त्याला झोपू दिलं असतं.

यकृत दारू मोडण्यात गुंतलं की नवी साखर बनवायचं काम मागे पडतं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यानं उपाशीपोटी प्यायली की साखर कोसळते, कधी कधी कित्येक तासांनी, झोपेत. आणि साखर कोसळलेला माणूस हुबेहूब प्यायलेल्यासारखा दिसतो. डोक्यातल्या रक्तस्रावाचंही तसंच. म्हणून पडलेल्या, धडकलेल्या माणसाला ‘दारू आहे’ म्हणून बाजूला सारू नका. वास आला तरी तपासून घ्या.

१८. रोज पिणाऱ्यानं उद्यापासून एकदम बंद केली तर?

रोज भरपूर पिणाऱ्यानं स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नये. प्रश्न ८ मधले थांबवणारे आणि पळवणारे संदेश आठवा. रोजच्या दारूला मेंदू पळवणारे संदेश वाढवून तोंड देतो. दारू अचानक गेली की ते मोकाट सुटतात. काही तासांत हात कापतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांत भास, बडबड, ताप, हे जीवघेणं ठरू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधांनी हे सगळं सुखरूप पार पडतं, आणि बी-१ जीवनसत्त्वही द्यावं लागतं. ते नसेल तर स्मृती कायमची जाऊ शकते. सोडायची इच्छा झाली असेल तर ती त्याच आठवड्यात दवाखान्यात घेऊन या.

१९. थोडी घेतलेली हृदयाला चांगली म्हणतात. आणि यकृत?

जुन्या अभ्यासांत न पिणाऱ्यांच्या गटात आजारामुळे सोडलेली माणसंही मोजली गेली होती. त्यामुळे थोडी पिणारे त्यांच्यापेक्षा तब्येतीनं बरे दिसले. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की दारूचं कुठलंच प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही. दारू १९८८पासून कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात, म्हणजे ज्यांनी कर्करोग होतो हे सिद्ध झालंय त्यांत आहे. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्त्रियांचे स्तन. रक्तदाब वाढतो, हृदयाचे ठोके अनियमित होतात.

यकृतात आधी चरबी साठते, आणि दारू पूर्ण बंद केली तर ती बहुधा काही आठवड्यांत उतरते. हे मी रुग्णांना आवर्जून सांगते, कारण अनेकांनी आशा सोडलेली असते. सिरॉसिसची, म्हणजे यकृत व्रणांनी कडक होण्याची वेळ आली की ते यकृत पूर्ववत होत नाही, पण थांबल्यानं आयुष्य तेव्हाही वाढतं. गरोदरपणात मात्र अजिबात नको, कुठल्याच महिन्यात.

२०. पार्टीतून निघताना नवरा, भाऊ, मित्र किल्ली देत नाही. काय करावं?

त्या वेळी वाद घालून उपयोग होत नाही, ज्या भागाशी वाद घालायचा तो झोपलेला आहे. जी किल्ली निघताना मागाल ती पहिल्या ग्लासाआधी मागा. तेव्हा तो हसत देतो. आधीच ठरवा कोण पिणार नाही, किंवा गाडी घरी ठेवूनच या.

वेळ गेलीच असेल तर चारचौघांत अपमान करू नका. ‘तू प्यायलास’ म्हटलं की तो शहाणपण सिद्ध करायला स्टिअरिंगवर बसतो. बाजूला घ्या, हळू आवाजात बोला, स्वतःवर घ्या: ‘मला भीती वाटतेय, माझ्यासाठी थांब.’ गाडी आधीच बोलावून दारात उभी करा. जेवायला बसवा, गप्पांत गुंतवा. मुलं मागच्या सीटवर असतील तर उतरवून घ्या, तो कितीही रागावला तरी. आणि तो निघालाच तर गाडीचा नंबर, रंग आणि कुठल्या दिशेनं गेला ते पोलिसांना कळवा. उद्या तो तुमच्याशी बोलणार नाही, कदाचित महिनाभर. त्या रस्त्यावर त्याच वेळी कुणीतरी रात्रपाळी संपवून सायकलवरून घरी चाललेलं असतं, हे मनात धरून फोन लावा.